घरच्या घरी ताज्या फुलांचा सुगंध कसा उतरवावा: मोगरा, गुलाब, निशिगंध, बकुळ

रानजाई (पुणे)

मोगऱ्याचा हंगाम सुरू झाला की या फुलांचे अत्तर घरी करता येते का, असा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारतेच. आंतरजालावर याविषयीच्या चित्रफिती पुष्कळ आहेत. त्यांतल्या बहुतेकींत मूठभर पाकळ्या पाण्यात उकळतात, ते पाणी गाळून फवाऱ्याच्या बाटलीत भरतात आणि परफ्यूम तयार झाल्याचे जाहीर करतात. प्रत्यक्षात त्यातून मिळतो तो फुलांचा काढा. सुगंधाची द्रव्ये उडून जाणारी असल्यामुळे उघड्या पातेल्यातून ती वाफेबरोबर निघून जातात, स्वयंपाकघर अर्धा तास दरवळते आणि बाटलीत उरते ते रंगीत, तुरट आणि दोन दिवसांत आंबणारे पाणी.

मी गेली काही वर्षे घरच्या बागेतल्या आणि बाजारातल्या फुलांवर हे काम हौसेने करत आहे. त्यावरून झालेले माझे मत असे की, सर्व फुलांना लागू पडेल अशी एकच कृती नाही आणि ती शोधण्यातच बहुतेकांचा हंगाम वाया जातो. खुडल्यानंतर फूल कसे वागते हे आधी पाहावे आणि त्यावरून रीत ठरवावी. मोगरा, जाई, जुई, निशिगंध ही फुले खुडल्यानंतरही फुलत राहतात आणि कित्येक तास नवा गंध तयार करून सोडत राहतात. गुलाबाचे तसे नाही. त्याच्या पाकळ्यांत जो गंध असतो तो खुडल्या क्षणापासून ओसरू लागतो, म्हणून तो लगेच उष्णतेने काढून घ्यावा लागतो. मोगरा उकळला तर त्याचे पुढचे सगळे उमलणे आपण मारून टाकतो, आणि गुलाब चरबीवर पसरून ठेवला तर तो नुसता सुकतो.

पहिल्या गटासाठी सर्वांत चांगली रीत म्हणजे थंड स्निग्ध पदार्थाला गंध पाजणे. फ्रान्समधील ग्रास या गावात काचेच्या चौकटीवर शुद्ध केलेली प्राण्यांची चरबी पसरून तिच्यावर जाईची फुले मांडत, दुसऱ्या दिवशी ती काढून नवी मांडत आणि हंगामभर हे चालू ठेवत. ज्या चरबीवर ३६ वेळा फुले बदलली, तिला ३६ क्रमांकाचे पोमेड म्हणत. घरी आपण चरबीऐवजी गंधरहित केलेले खोबरेल आणि त्याला घट्टपणा यावा म्हणून कोकमाचे शुद्ध केलेले तेल वापरू शकतो. खोबरेल साधारण २४ अंशांना वितळते, म्हणजे पुण्याच्या एप्रिलमध्ये ते पाणीच झालेले असते, तर कोकमाचे तेल ३८ ते ४२ अंशांपर्यंत घट्ट राहते. तीन भाग खोबरेल आणि एक भाग कोकमाचे तेल मंद आचेवर एकत्र वितळवून काचेच्या सपाट ताटात अर्धा सेंटिमीटर जाडीचा थर ओतावा. मे महिन्यात कोकमाचा भाग वाढवावा. थर गोठला की काट्या-चमच्याने त्यावर आडव्या-उभ्या रेघा ओढाव्यात, म्हणजे गंध शोषणारा पृष्ठभाग वाढतो.

कळ्या संध्याकाळी घ्याव्यात, टपोऱ्या पण न उमललेल्या. प्रत्येक कळीचा हिरवा देठ काढावा, कारण त्याचा कच्चा हिरवट वास स्निग्धात उतरतो आणि मग तो काढता येत नाही. फुलाचे तोंड खाली येईल अशा बेताने कळ्या एकेरी मांडाव्यात, वरून दुसरे ताट उपडे ठेवावे आणि सगळे काही अंधाऱ्या, घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात ठेवावे. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नये. तिथल्या गारव्याने कळी उमलायची थांबते, आणि स्निग्ध पदार्थ कसलाही भेद न करता सगळेच वास शोषत असल्यामुळे कालच्या आमटीचा वासही तितक्याच आवडीने घेतो.

दुसऱ्या संध्याकाळी चिमट्याने फुले उचलावीत. कडा तपकिरी झालेली एकही फूलपाकळी ताटात राहू देऊ नये. मग नव्या कळ्या मांडाव्यात. हे किमान दोन आठवडे तरी करावे लागते. पहिल्या चार-पाच दिवसांत विशेष काही जाणवत नाही आणि बहुतेक लोक तिथेच सोडून देतात. शेवटी जे हाती येते ते मनगटावर आणि कानामागे लावण्याचे गंधलोणी असते. त्याचा सुवास फवाऱ्याच्या परफ्यूमसारखा खोलीभर जात नाही, तो अंगालगत राहतो, परंतु ज्याने तो एकदा अनुभवला त्याला बाजारातल्या ‘मोगरा’ बाटलीत फुलाचे फक्त नाव आहे हे लगेच कळते.

परसबाग (नाशिक)

लेख सविस्तर आहे, त्याबद्दल आभार. दोन शंका आहेत. आमच्या मोगऱ्याला रोज ओंजळभरच कळ्या येतात, त्यामुळे उरलेल्या बाजारातून आणाव्या लागतील. पण फूलवाले सतत पाणी शिंपडत असतात आणि शेतात फवारणी झालेली असते ती वेगळीच. अशी फुले चालतील का? दुसरे म्हणजे, या गंधलोण्यापासून पुढे बाटलीत भरता येईल असा द्रव अर्क काढण्याचा घरगुती मार्ग आहे का? घरात वोडका आहे आणि मुलाने सॅनिटायझरचा पाच लिटरचा डबा करोनाच्या काळात आणून ठेवलेला आहे, तो अजून संपलेला नाही.

काचनळी (ठाणे)

व्यवसायाने रसायनशास्त्राचा शिक्षक असल्यामुळे दुसऱ्या शंकेचे उत्तर आधी देतो, कारण त्यात धोका आहे.

सॅनिटायझर मुळीच वापरू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार केलेल्या सॅनिटायझरमध्ये अल्कोहोलबरोबर ग्लिसरीन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड असते. त्यातले पेरॉक्साइड सुगंधी द्रव्यांचे ऑक्सिडीकरण करते आणि ग्लिसरीनमुळे त्वचेवर चिकटपणा राहतो. रंगाच्या दुकानात मिळणारे स्पिरिट तर त्याहून वाईट, कारण ते पिण्यायोग्य राहू नये म्हणून त्यात मिथेनॉलसारखी विषारी द्रव्ये मिसळतात आणि मिथेनॉल त्वचेतूनही शरीरात जाते. वोडका विषारी नाही, पण उपयोगाची नाही. आपल्याकडे ती ४२.८ टक्के अल्कोहोलची असते, म्हणजे निम्म्याहून अधिक भाग पाणीच. सुगंधी द्रव्ये तेलाच्या जातीची असल्यामुळे इतक्या पाण्यात ती नीट विरघळत नाहीत, द्रव गढूळ होतो आणि वोडकाचा स्वतःचा वास शेवटपर्यंत मध्ये मध्ये येत राहतो. गंधलोणी धुऊन त्यातला अर्क काढायचा तर ९५ टक्क्यांच्या आसपासचे शुद्ध इथेनॉल लागते. महाराष्ट्रात ते राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या नियंत्रणाखाली येते आणि घरगुती हौसेसाठी सहज मिळत नाही. घरी दारू गाळून अल्कोहोल तीव्र करण्याचा विचारही करू नये. तो गुन्हा तर आहेच, शिवाय गॅसच्या शेगडीजवळ अल्कोहोलची वाफ पेट घेते.

रानजाई यांनी सांगितलेल्या मूळ तत्त्वाला शास्त्राचा आधार आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी हेस्से या जर्मन रसायनज्ञाने दाखवून दिले की, जाईची फुले विद्रावकात बुडवून जितके सुगंधी तेल मिळते त्याच्या अनेक पट तेल तीच फुले चरबीवर ठेवल्याने मिळते, कारण फूल जिवंत असेपर्यंत ते तयार होत राहते. जाई-मोगऱ्याच्या गंधात बेंझिल ॲसिटेट, लिनालूल आणि इंडोल ही महत्त्वाची द्रव्ये असतात. यांतले बेंझिल ॲसिटेट उकळत्या पाण्यात फार वेळ राहिले तर त्याचे विघटन होते, म्हणून उकळलेल्या मोगऱ्याला मोगऱ्याचा वास उरत नाही. इंडोल हे द्रव्य मोठे विलक्षण आहे. ते एकटे आणि भरपूर असेल तर विष्ठेची आठवण करून देते, आणि अंशमात्र असेल तर त्याच्यामुळेच मोगरा मादक वाटतो. चोवीस तासांच्या पुढे फुले ताटात ठेवली तर जो जड, कुजकट वास येऊ लागतो, त्यात सडण्याइतकाच इंडोलचाही हात असतो.

कानपूरकर (सध्या मुंबई)

मोगरा उकळू नये, हे विधान इतक्या ठामपणे करणे मला पटत नाही. माझी नोकरीची बरीच वर्षे कानपुरात गेली आणि तिथून कन्नौज जवळ असल्यामुळे तिथल्या अत्तराच्या कारखान्यांत अनेकदा जाणे झाले. कन्नौजमध्ये बेल्याचे, म्हणजे आपल्या मोगऱ्याचे, अत्तर पिढ्यान्‌पिढ्या ऊर्ध्वपातनानेच काढतात आणि ते उत्तम असते. तिथल्या अत्तराला २०१३ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

त्यांची रीत समजून घेण्यासारखी आहे. विटांच्या भट्टीवर तांब्याची मोठी डेग असते, तिच्यात फुले आणि पाणी घालून झाकण मातीने आणि कापसाने लिंपून बंद करतात. झाकणातून बांबूचा पोकळ चोंगा निघतो, त्याला दोरी गुंडाळलेली असते, आणि तो लांब मानेच्या तांब्याच्या भपक्यात उतरतो. भपका पाण्याच्या हौदात बुडालेला असतो आणि खरी मेख अशी की त्यात आधीपासून चंदनाचे तेल असते. फुलांची वाफ थंड होऊन त्या तेलात उतरते, तेल गंध धरून ठेवते आणि पाणी तळाशी वेगळे होते. भट्टी लाकडांची आणि गोवऱ्यांची असते. कारागीर पाण्यात हात घालून भपक्याचा उबदारपणा जोखतो, आणि भपका फार तापला असे वाटले की ओल्या फडक्याने डेग थंड करतो. तिथे ना तापमापक असतो ना दाबमापक. वेगळे झालेले पाणी दुसऱ्या दिवशी पुन्हा डेगेत नव्या फुलांवर ओततात आणि त्याच चंदनतेलावर हे अनेक दिवस चालते. शेवटी अत्तरात उरलेला ओलावा जावा म्हणून ते चामड्याच्या कुप्पीत भरून ठेवत असत.

केवड्याचे फूल तर दूरवर नेता येत नाही, म्हणून ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यात केवड्याच्या बनांजवळच या डेगा मांडतात. अर्थात अलीकडे चंदनाचे तेल परवडत नसल्यामुळे पुष्कळ स्वस्त अत्तरांत त्याऐवजी पॅराफिनचे द्रवतेल किंवा डायऑक्टिल थॅलेट नावाचे रसायन वापरतात, हे घेणाऱ्याने लक्षात ठेवावे. विक्रेत्याने ‘शंभर टक्के नैसर्गिक’ म्हटले म्हणून बाटलीतले रसायन बदलत नाही.

रानजाई

कानपूरकर यांचा मुद्दा योग्य आहे आणि त्यातून माझेही म्हणणे अधिक नेमके होते. कन्नौजच्या कारागिराला मोगऱ्याचे ऊर्ध्वपातन साधते ते मंद आचेमुळे आणि भपक्यातल्या तेलामुळे. घरातल्या पातेल्यात या दोन्ही गोष्टी नसतात. गॅसची आच कितीही बारीक केली तरी पाणी खळखळतेच, आणि वाफेतला गंध धरायला समोर तेल नसते, तर नुसते पाणी असते. ज्यांना चंदनाचे खरे तेल चमचाभर जरी मिळू शकत असेल त्यांनी ते गोळा होणाऱ्या वाटीत घालून पाहावे, पण इतके महाग तेल पहिल्याच प्रयोगात घालण्याचा सल्ला मी कोणाला देणार नाही.

परसबाग, बाजारातल्या फुलांबद्दल. पाणी हा या कामातला सर्वांत मोठा शत्रू आहे. स्निग्धावर पाण्याचा थेंब राहिला की तिथे बुरशी धरते, आणि बुरशीचा वास एकदा उतरला की सगळे ताट टाकून द्यावे लागते. म्हणून ओल्या कळ्या आणल्या तर त्या सुती पंचावर पसरून पंख्याखाली तासभर ठेवाव्यात. गुंफलेले गजरे घेऊ नयेत, सुटी फुले घ्यावीत. दादरच्या किंवा मार्केट यार्डाच्या फूलबाजारात कळी वजनावर मिळते. शक्य असेल तर उत्पादकाकडून थेट घ्यावी. जव्हार-विक्रमगड भागात मोगऱ्याची शेती पुष्कळ आहे आणि वसईचा सोनचाफा तर सर्वांना ठाऊक आहे. फवारणीच्या बाबतीत खात्री नसेल तर ते गंधलोणी अंगाला न लावता कपाटात वाटीत ठेवण्यापुरते वापरावे, हे बरे. कीटकनाशकेही बहुधा स्निग्धात विरघळणारीच असतात.

सोनचाफा याच ताटात करता येतो, पण तो लवकर काळा पडतो, त्यामुळे सकाळी मांडलेला संध्याकाळी उचलावा. निशिगंधाला उलट अधिक वेळ द्यावा. दोन दिवसांपर्यंत तो गंध सोडत राहतो आणि नवशिक्यासाठी त्याच्याइतके सोशिक फूल दुसरे नाही. निशिगंध घेताना एकेरी पाकळ्यांचा घ्यावा, दुहेरी दिसायला भरघोस असतो पण वासाला कमी पडतो. पारिजातकाच्या बाबतीत मात्र फार आशा धरू नये. पहाटे गळून पडलेले ते फूल दवाने ओले असते आणि ऊन चढेपर्यंत त्याचा गंध निम्मा झालेला असतो.

दर्यावर्दी (वेंगुर्ले)

आमच्याकडच्या दोन फुलांचा उल्लेख करणे भाग आहे, कारण ती वरच्या दोन्ही गटांत बसत नाहीत.

पहिली बकुळ. तिचा गंध सुकल्यावर जात नाही, उलट त्याला मधासारखा गोडवा येतो, म्हणूनच बायका बकुळीचे वळेसर पेटीतल्या कपड्यांत वर्षभर ठेवत आल्या आहेत. ओलाव्याचा प्रश्नच नसल्यामुळे तिचा गंध तेलात उतरवणे अगदी सोपे आहे. सावलीत कडकडीत वाळवलेली फुले बरणीत दाबून भरावीत, ती बुडतील इतके गंधरहित तेल ओतावे आणि ती बरणी कोमट पाण्याच्या पातेल्यात रोज तास-दोन तास ठेवावी. आठवड्याने गाळून त्याच तेलात पुन्हा नवी वाळलेली फुले घालावीत. तीन-चार वेळा फुले बदलली की तेल पुरेसे भरते.

दुसरी सुरंगी. फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्या पंचक्रोशीत सुरंगीची झाडे फांद्यांसकट फुलून जातात. कळी उन्हे चढण्याआधी काढावी लागते, कारण ती उमलली की पाकळ्या झडतात आणि गजरा करण्याजोगे काही राहत नाही. झाडे उंच असतात, फांद्यांवर पहाटेचे दव असते आणि काढणारी माणसे अंधारातच चढतात, त्यामुळे सुरंगीचा वळेसर महाग का असा प्रश्न विचारणाऱ्यांनी एकदा खाली उभे राहून पाहावे. वाळवलेली कळी व्यापारी वजनावर विकत घेतात आणि ती सुगंधी उद्योगाकडे जाते. आम्ही घरी ती बकुळीसारखीच तेलात घालतो. तिचा गंध बकुळीपेक्षा भारी असल्यामुळे निम्मीच फुले पुरतात.

कोकमाच्या तेलाविषयी एक सूचना. घरी बिया कुटून, उकळून काढलेले जे मुटेल आम्ही टाचांच्या भेगांना लावतो, त्याला स्वतःचा वास असतो. अशा कामाला कारखान्यात शुद्ध केलेले गंधरहितच आणावे.

जुनी_वही (पुणे)

या विषयाचा मराठीशी फार जुना संबंध आहे, तो इथे नोंदवून ठेवतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक (क्युरेटर) परशुराम कृष्ण गोडे यांनी भारतीय सुगंधविद्येच्या इतिहासावर अनेक लेख लिहिले. त्यांनी अभ्यासलेल्या ‘गंधवाद’ या ग्रंथाच्या दुर्मीळ हस्तलिखितात संस्कृत मजकुराबरोबर मराठी टीका आहे आणि तिचा काळ त्यांनी साधारण इ. स. १३५० ते १५५० असा ठरवला. म्हणजे सुगंध कसे करावेत हे मराठीत लिहून ठेवण्याची गरज त्या काळीही कोणाला तरी वाटली होती.

त्याच्याही आधी, सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत गंधयुक्तीवर एक अध्याय आहे. त्यात चाफ्याच्या वासाचे तेल करण्याची कृती दिली आहे. मंजिष्ठ, व्याघ्रनख, शुक्ती, दालचिनीची साल, कोष्ठ आणि बोळ यांचे चूर्ण तेलात घालून ते उन्हात तापवायचे. पूर्ण कृती वाचली तरी तिच्यात चाफ्याचे एकही फूल सापडत नाही. तेव्हा नकली गंधाबद्दल आजच्या कारखानदारांना एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही.

मला मुख्यतः सांगायचे आहे ते फुलेलाविषयी. उत्तर भारतात, विशेषतः जौनपूर, गाझीपूर आणि कन्नौजच्या बाजूला, तिळांवर ताज्या फुलांचे थर देत आणि फुले बदलत बदलत तीळ पुरेसे गंधले की ते घाण्याला लावून सुगंधी तेल काढत. तीळ हाच इथे चरबीचे काम करतो. रानजाई यांच्या पद्धतीत उन्हाळ्यात स्निग्ध वितळण्याची जी अडचण येते ती इथे येतच नाही. पॉलिश केलेले पांढरे तीळ उन्हात वाळवून, निवल्यावर सुती कापडावर बोटभर थरात पसरावेत, वर मोगऱ्याच्या कळ्या, पुन्हा तीळ, आणि वरून दुसरे कापड. रोज चाळणीने चाळले की फुले वर राहतात आणि तीळ खाली पडतात, चिमट्याने एकेक फूल वेचण्याचा त्रास वाचतो. फुलांचा ओलावा तीळ घेतात, म्हणून नवी फुले घालण्याआधी त्यांना तासभर पंख्याखाली ठेवावे. आता लहान लाकडी घाणे शहरांतूनही सुरू झाले आहेत, परंतु ते थोडे तीळ घेत नाहीत. त्यासाठी घरगुती तेलयंत्र असलेले कोणी शोधावे लागेल. तेल हाती आल्यावर त्याला तिळाचा मंद वास राहतो, आणि केसांना लावण्यासाठी तो मला तरी आवडतो.

दूरदेशी (न्यू जर्सी)

इथे मोगरा कुंडीत आहे, थंडीत घरात आणि उन्हाळ्यात बाहेर. दिवसाला चार-पाच कळ्या मिळतात. इतक्या कमी फुलांत हे करण्यासारखे आहे का? दुसरे असे की अमेरिकेत काही राज्यांत ९५ टक्के अल्कोहोलची मद्ये दुकानात मिळतात, काहींत मिळत नाहीत, पण परफ्यूम करणाऱ्यांसाठीचे खास अल्कोहोल ऑनलाइन मागवता येते. ते मिळाले तर पुढची कृती कशी करावी?

रानजाई

फुले थोडी असतील तर ताट लहान करावे, एवढेच. रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीच्या तळाशी दोन चमचे स्निग्ध गोठवावे आणि रोज त्यावर चार कळ्या उपड्या ठेवाव्यात. स्निग्ध आणि फूल यांचे प्रमाण महत्त्वाचे आहे, ताटाचा आकार नाही.

अल्कोहोल असेल तर गंधलोणी आणि अल्कोहोल समान मापाने घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत भरावे, कोमट हाताने मऊ करून रोज दोनदा हलवावे आणि दोन-तीन आठवड्यांनी बाटली फ्रीझरमध्ये एक रात्र ठेवावी. स्निग्ध गोठून वेगळे होते, अल्कोहोल गोठत नाही. थंड असतानाच ते कॉफीच्या कागदातून गाळावे. हाच अर्क ताज्या गंधलोण्यावर पुन्हा वापरला तर तो अधिक भरतो. ही सर्व कामे शेगडी आणि देवघरातली समई यांपासून लांब करावीत. ज्यांच्याकडे अल्कोहोल नाही त्यांनी खंत करू नये. गंधलोण्याच्या चार भागांत एक भाग मधमाश्यांचे शुद्ध मेण वितळवून डबीत ओतले की घट्ट अत्तर होते आणि ते प्रवासात सांडत नाही. फक्त आधी मेण वितळवावे, ते थोडे निवले की मगच गंधलोणी मिसळावे, नाहीतर दोन आठवड्यांचे श्रम वाफेवर जातात.

आता राहिला गुलाब. तळेगाव-मावळकडच्या हरितगृहांत होणारा लांब दांड्याचा गुलाब इथे निरुपयोगी आहे. त्याची निवड टिकाऊपणा आणि रूप यांसाठी केलेली असते, वासासाठी नाही. गावठी, गुलकंदाचा, फिक्या गुलाबी रंगाचा गुलाब हवा, आणि तो ऊन चढण्याआधी काढलेला हवा. जाड बुडाच्या पातेल्यात मधोमध तिकटे ठेवून त्यावर वाटी, सभोवती पाकळ्या आणि पाकळ्यांच्या वजनाच्या तिप्पट पाणी, वर घुमटाकार झाकण उलटे ठेवून त्यात बर्फ, आणि कडेला कणकेची वळी दाबून वाफेची वाट बंद. आच अगदी मंद ठेवावी. वाफ झाकणाला लागून थेंबाथेंबाने मधल्या वाटीत पडते. वाटीतल्या पाण्याचा गुलाबी गोडवा जाऊन शिजवलेल्या पालेभाजीसारखा वास येऊ लागला की तिथेच थांबावे.

वर तेल तरंगताना दिसले नाही म्हणून निराश होऊ नये. किलोभर गुलाबतेलाला साधारण तीन ते पाच टन फुले लागतात, म्हणजे घरच्या किलोभर पाकळ्यांतून ते साधारण पाव ग्रॅम निघणार आणि तेही पाण्यातच मिसळून राहणार. जहांगीर बादशहाने आपल्या आत्मचरित्रात गुलाबाच्या अत्तराच्या शोधाचे श्रेय नूरजहानच्या आईला दिले आहे. गुलाबपाणी गरम असताना त्यावर जमलेली साय तिने गोळा केली, असे तो सांगतो. तिच्यापुढे पाकळ्यांचे ढीग होते, आपल्यापुढे पिशवी आहे.

काचनळी

गुलाबाबाबत एक भर घालतो. त्याच्या गंधातले फिनाइल इथाइल अल्कोहोल हे द्रव्य पाण्यात बऱ्यापैकी विरघळते, आणि म्हणूनच गुलाबपाण्याला गुलाबाचा इतका खरा वास येतो. घरी गुलाबपाणी करणे त्यामुळे तडजोड नाही, या फुलाच्या बाबतीत ती एक चांगली रीतच आहे. ते पाणी मात्र जंतूंनाही आवडते. बाटली उकळून कोरडी करावी, फ्रिजमध्ये ठेवावी आणि दोन-तीन आठवड्यांत संपवावी.

काही जण यासाठी कुकरच्या शिट्टीच्या जागी रबरी नळी जोडतात. ते करू नये. पाकळ्या फुगून वर येतात, नळीचे तोंड बुजते आणि कुकर फुटू शकतो.

परसबाग

सर्वांचे आभार. यंदा निशिगंधाने सुरुवात करेन. तो आमच्याकडे स्वस्त मिळतो. शेवटचा प्रश्न असा की, तयार झालेले घट्ट अत्तर दिवाळीला नातेवाइकांना दिले तर चालेल का? माझ्या जाऊबाईंची त्वचा फार नाजूक आहे.

काचनळी

नैसर्गिक आहे म्हणून निर्धोक आहे असे समजू नये. जाई, मोगरा, गुलाब यांच्या गंधद्रव्यांपैकी अनेकांनी काही लोकांच्या त्वचेवर पुरळ उठते. कोपराच्या आतल्या बाजूला चिमूटभर लावून दोन दिवस पाहावे, मगच वापरावे, असे डबीवरच्या चिठ्ठीत लिहून द्यावे. त्याच चिठ्ठीत कोणते तेल आणि कोणते फूल आहे तेही लिहावे. लहान बाळांना आणि दमा असलेल्यांना देऊ नये. देवचाफ्याचा चीक त्वचेला झोंबतो, म्हणून तो पूर्ण वाळू दिल्याशिवाय फूल ताटात मांडू नये, आणि कण्हेर व धोतरा ही फुले विषारी असल्यामुळे सुवास कितीही आवडला तरी वगळावीत. दिवाळीपर्यंत टिकवायचे असेल तर डब्या काचेच्या घ्याव्यात, कारण प्लास्टिक गंध शोषून घेते, आणि दर डबीत नखभर जीवनसत्त्व ई चे तेल मिसळावे, म्हणजे स्निग्धाला खवट वास लवकर धरत नाही. पावसाळ्यात झाकणे वारंवार उघडू नयेत.